साधी तार की औषधाची

मिस्त्रीला ‘स’ ऐकू येत नाही, हे त्याच्या बायकोला ठाऊक होतं, आणि तिने ते कोणापाशी बोलू नये म्हणून तो कित्येक वर्षं तिला गळ घालत आला होता.

तो लिफ्ट दुरुस्त करणारा. इमारतीच्या माथ्यावर जी तेलकट, उष्ण खोली असते, जिथे मोटर आणि दोर असतात, त्या खोल्यांमध्ये त्याची उमेदीची वर्षं गेली. डावा कान लहानपणी मेंदूपर्यंत चढलेल्या एका तापात कायमचा गेला होता. उजवा मात्र एकदम गेला नाही, तो वरच्या अंगाने विरत आला. जाड, खोल आवाज त्याला छान ऐकू येत. मोटरची घरघर, ट्रकचं इंजिन, वरच्या मजल्यावर कपाट सरकवल्याचा आवाज. पातळ, टोकदार आवाज एकेक करून गेले. पाखरं गेली, दारावरची घंटी गेली, कुकरची शिट्टी गेली, आणि बायको गेली. तिचा आवाज मुळातच सुतासारखा बारीक. लग्न झालं तेव्हा त्याला तो फार आवडला होता.

बोलण्यातले स्वर त्याला ऐकू येत, व्यंजनं गळून पडत. मग ओठ बघायचे, अंदाज बांधायचा आणि चार माणसं हसली की आपणही हसायचं. एकदा बायको म्हणाली, “माझा दात दुखतोय.” हा उठला, मलमाची डबी घेऊन आला आणि तिच्या हाताला चोळायला लागला. तिनेही मुकाट्याने चोळून घेतलं. “दाताचं जाऊ दे, हाताला बरं वाटलं,” असं ती नंतर बहिणीला सांगत होती.

घरात असं निभावत होतं. कामावर निभावत होतं ते जोडीदारामुळे. जोडीदाराचा आवाज एवढा भरदार की कंपनीत त्याला नगारा म्हणत. तो बोलला की मिस्त्रीला वाटे, अजून आपला कान शाबूत आहे.

त्या दिवशी एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. आत कोणी नव्हतं. दाराचा खालचा सरकता तुकडा खाचेतून निघून तिरका बसला होता. नगारा खालच्या मजल्यावर दार उघडून, हात आत घालून तो तुकडा सरळ करत होता. मिस्त्री वर मशीनरूममध्ये ब्रेकच्या दांड्यापाशी. दांडा ओढला की ब्रेक सुटतो आणि लिफ्ट हलते, सोडला की ब्रेक धरतो आणि लिफ्ट जागच्या जागी थांबते. दोर खाली उतरतात त्या भोकांतून नगाऱ्याचा आवाज वर येई. ‘ओढ’ म्हटलं की ओढायचं, ‘सोड’ म्हटलं की सोडायचं. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. नगारा कधी ओढायला सांगेल आणि कधी सोडायला, हे मिस्त्रीला कामाच्या लयीवरूनच कळत असे. शब्द नीट ऐकायची गरजच पडली नव्हती.

“थोडं ओढ,” खालून आवाज आला. मिस्त्रीने ओढलं. लिफ्ट बोटभर सरकली.

मग पुन्हा आवाज आला. ओकार तेवढा पोचला, पुढचं-मागचं काही नाही. मिस्त्रीला वाटलं, अजून हवंय. त्याने दांडा आणखी ओढला. खालून तोच शब्द आला, आता मोठ्याने, आणि त्याने अजून ओढला.

त्यानंतर जो आवाज आला त्यात शब्दच नव्हता. मिस्त्रीच्या हातातून दांडा आपोआप सुटला.

जिने उतरून तो खाली पोचला तेव्हा नगारा भिंतीला टेकून बसला होता. उजवा हात टोपीत गुंडाळलेला, टोपी गच्च भिजलेली. चेहरा पांढराफटक. मिस्त्रीने त्याच्या तोंडाकडे बघितलं.

“सोड म्हणालो होतो रे,” नगारा म्हणाला. त्यात राग नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

कंपनीत चौकशी बसली. सुरक्षेचे साहेब टेबलामागे, समोर हे दोघं. नगाऱ्याचा हात बँडेजमध्ये गळ्यात अडकवलेला. साहेबांनी विचारलं, नेमकं काय झालं. नगारा म्हणाला, “चूक माझीच. घाईत माझ्या तोंडून ओढ गेलं.”

मिस्त्रीने ते त्याच्या ओठांवर वाचलं. साहेब मान हलवत होते. माणसाने स्वतःच्या अंगावर घेतलं की पुढे कोण खोदतंय. सही करून सुटायचं एवढंच उरलं होतं. 

“साहेब, हा खोटं बोलतोय,” तो म्हणाला. “तो सोडच म्हणाला होता. मला सोड आणि ओढ सारखंच ऐकू येतं.”

खोलीत कोणी काही बोललं की नाही, त्याला कळलं नाही, कारण तो खाली बघत होता.

त्याची बदली सामानाच्या गोदामात झाली. नोकरी राहिली, लिफ्टच्या शाफ्टमधलं काम सुटलं. कानाचं मशीन लावून बघितलं, पण मशीन आवाज मोठा करतं, नसलेला आवाज आणून देत नाही. कंपनीच्या डॉक्टरांनी त्याला मोठ्या हॉस्पिटलात धाडलं, आणि तिथे सर्जनबाई भेटल्या.

बाई समोर बसून, ओठ दिसतील अशा सावकाश बोलत आणि अडलं की कागदावर चित्र काढत. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी वळणाची पोकळी असते. तिच्यात तार सरकवायची. रबरासारखी मऊ, सुईहून बारीक, अंगावर धातूचे ठिपके. बाहेरचं यंत्र आवाज पकडणार, तार तो विजेच्या टिचक्यांनी थेट नसेला देणार. गेलेले पातळ आवाज त्या वाटेने परत येतील.

“आणि जाडे आवाज?” मिस्त्रीने विचारलं. “जे आता येतात ते?”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “तोच प्रश्न आहे. बोटात काटा रुतला तर काय होतं?”

“सुजतं.”

“तसंच आत होतं. शरीराला तार म्हणजे काटाच. सूज येते, मग तिच्याभोवती वण धरतो, आणि त्यात उरलेलं ऐकणंही जाऊ शकतं. कधी ऑपरेशनच्या दिवशीच जातं. कधी सगळं ठीक वाटतं आणि काही आठवड्यांनी जातं.”

आता एक नवी तार आली होती. तिच्या रबराच्या थरातच सूज उतरवणारं औषध कालवलेलं. ते आत थोडं थोडं पाझरत राहतं, सूज आणि वण धरू देत नाही, अशी आशा. आशाच, कारण ते अजून पारखून बघायचं होतं. पारख अशी की अर्ध्या लोकांना औषधाची तार आणि अर्ध्यांना साधी. कोणाला कुठली ते चिठ्ठी टाकल्यासारखं कॉम्प्युटर ठरवणार. दोन्ही दिसायला सारख्या.

“तुम्हाला तरी कळेल ना?”

“नाही. मला कळलं तर मी तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघेन. कान तपासणाऱ्या मुलीलाही कळणार नाही. सगळ्यांचं वर्ष पुरं झालं की मग सांगू.”

“डाव्या कानात घाला की,” बरोबर आलेली बायको म्हणाली. “तो नाहीतरी गेलाच आहे.”

बाईंनी कानाच्या स्कॅनची फिल्म उजेडाला धरली. डाव्या कानातला शंख त्या लहानपणच्या तापात हाडाने बुजून गेला होता. तार शिरायलाच जागा नव्हती. जे करायचं ते उजव्यातच. “म्हणून मी आज तुमचं हो घेणार नाही,” त्या म्हणाल्या. “घरी जा. भांडा, बोला, मग या.”

आणि ती दोघं खरंच भांडली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, मध्ये कागदाची वही ठेवून, कारण बायकोच्या बोलण्यातलं निम्मं लिहिल्याशिवाय त्याला कळत नसे. रागात माणूस भराभर लिहितो आणि मग अक्षर लागत नाही. “हे काय लिहिलंयस?” असं त्याने विचारलं की ती आणखी चिडायची.

“माझ्या आवाजासाठी करत असाल तर करू नका,” ती म्हणाली. हे मात्र तिने त्याच्या समोर येऊन, हनुवटी धरून सांगितलं.

“तुझ्यासाठी नाही. नगाऱ्याच्या हाताकडे बघवत नाही मला.”

“त्याचा हात तुमच्या कानाने बरा होणार आहे?”

 मग ती बसली आणि हळूहळू, नीट अक्षरात लिहिलं. त्याने वही आपल्याकडे फिरवली. लिहिलं होतं, आत्ता निदान मी ओरडले तर तुम्ही वळून तरी बघता. तेही गेलं तर मी या घरात कोणाशी बोलू?

तिलाही भीती आहे, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.  पण गोदामात मोजून ठेवलेल्या नटबोल्टांत आयुष्य काढायचं आणि उरलेला कान दरवर्षी थोडा थोडा आटताना बघायचा, हेही त्याला दिसत होतं. हा कान तसाही जाणारच होता. सर्जनबाईंनी तेही लपवलं नव्हतं.

तो हो म्हणाला. बाईंनी त्याला पुन्हा घरी पाठवलं. तो पुन्हा हो म्हणाला. तेव्हा बायकोने पिशवी भरायला घेतली आणि भरताना त्याच्याकडे पाठ करून खूप काही बोलली. काय बोलली ते तिलाच ठाऊक.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आला तेव्हा डोक्याला फेटा बांधल्यासारखं बँडेज होतं आणि कानात पाणी भरल्यासारखं वाटत होतं. काही दिवसांनी ते पाणी ओसरलं. मग एका सकाळी बिछान्यात पडल्या पडल्या त्याला फ्रिजची घरघर ऐकू आली. उजव्या कानाने, स्वच्छ, पूर्वीसारखी. तो उठून स्वयंपाकघरात गेला आणि फ्रिजला टेकून उभा राहिला. बायकोने भुवया उंचावल्या. त्याने नुसती मान हलवली. तिने पदर तोंडाला लावला आणि चहा उतू जाऊ दिला.

तपासणीतही ऐकण्याचा आलेख जवळपास पूर्वीच्याच जागी होता. यंत्र इतक्यात लावायचं नव्हतं, जखम भरू द्यायची होती. नगारा भेटायला आला तेव्हा त्याचं बोलणं जसंच्या तसं ऐकू आलं. “औषधाचीच तार मिळाली तुला,” नगारा म्हणाला. “नशीब काढलंस.” मिस्त्रीलाही तसंच वाटायला लागलं होतं. आपल्या कानात काहीतरी थेंब थेंब पाझरतंय आणि आपली राखण करतंय, असा विचार करत तो झोपी जाई.

मग, सगळं सुरळीत आहे अशी खात्री वाटायला लागली त्याच सुमारास, फ्रिज हळू झाला.

आधी त्याला वाटलं, फ्रिजच बिघडला. त्याने हात लावून बघितला, थरथर होती. रस्त्यावरून ट्रक गेला तो लांबून गेल्यासारखा वाटला. दुसऱ्या दिवशी आणखी लांबून. कानात एक बारीक शीळ सुरू झाली, ती मात्र दिवसभर थांबेना. त्याने बायकोला सांगितलं नाही. सर्दी असेल, उतरेल, पुन्हा पाणी भरलं असेल, असं तो स्वतःला सांगत राहिला. जे नोकरीत इतकी वर्षं केलं, ते आता घरात करू लागला. ओठ बघायचे, मान हलवायची, हसायच्या वेळी हसायचं.

एका दुपारी तो आपल्याच इमारतीच्या माथ्यावर चढला. तिथली लिफ्ट त्यानेच बसवली होती आणि मशीनरूमची किल्ली त्याच्याकडे असे. तो मोटरजवळ उकिडवा बसला आणि वाट बघू लागला. खाली कोणीतरी बटण दाबलं असणार, कारण ब्रेक उघडला, चाक फिरायला लागलं, दोर सरसरत वर आले. सगळं डोळ्यांना दिसत होतं. आवाज नव्हता. त्याने मोटरवर तळहात ठेवला आणि घरघर आली. त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्याने हात उचलला आणि घरघर गेली. हात ठेवला, आली. उचलला, गेली. कान बहिरा होता, ऐकत होता तो हात.

मोटर तीनदा सुरू झाली, तीनदा थांबली. तो तिथेच बसून राहिला.

घरी आला तेव्हा नगारा येऊन बसला होता. बायकोने चहा ठेवला. नगारा बोलत होता, आपल्या बँडेजकडे बघत, तोंड खाली. ओठ दिसत नव्हते. मिस्त्री त्याच्या समोर बसून चेहऱ्यावर हसू ठेवून होता, कारण नगारा नेहमी काहीतरी गमतीचंच बोले. नगारा थांबला. आपण काहीतरी म्हणायला हवं, असं मिस्त्रीला वाटलं.

“छान झालं,” तो म्हणाला. “फारच छान झालं.”

नगाऱ्याने वर बघितलं. बायकोच्या हातातली बशी तशीच राहिली. नगारा उठला, चपला घालून निघून गेला, चहा तसाच टाकून.

बायकोने वही ओढली. त्याचं करंगळीजवळचं बोट सडलंय, तिने लिहिलं. पुढच्या आठवड्यात कापणार आहेत. हे तो सांगत होता.

मिस्त्रीने ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. मग बायकोने त्याच्या हातून वही घेतली, खाली आणखी एक ओळ लिहिली आणि पेन आपटून ठेवलं. कधीपासून?

“झाले काही दिवस,” तो म्हणाला. स्वतःचा आवाजही त्याला आता छातीत जाणवत होता, ऐकू येत नव्हता.

ती रडली नाही, ओरडलीही नाही. तिने चपला घातल्या, त्याचा सदरा आणून त्याच्या पुढ्यात टाकला. वाटेत त्याने तिला नगाऱ्याच्या दारावर थांबवलं. नगाऱ्याने दार उघडलं. मिस्त्रीने आपल्या कानाकडे बोट दाखवलं आणि हात हवेत उघडा केला, काही नाही असा.  नगारा आत गेला, तोही सदरा घालून आला, आणि तिघं हॉस्पिटलात गेली.

आवाज बाहेरून आत येऊ न देणाऱ्या त्या छोट्या खोलीत मिस्त्री बसला, हातात बटण. काचेपलीकडे कान तपासणारी मुलगी. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. तो वाट बघत राहिला. मुलगी काहीतरी करत होती, तिच्या खांद्याच्या हालचालीवरून ते दिसत होतं. त्याने शेवटी डोळे मिटून घेतले. बऱ्याच वेळाने अगदी तळाचा एक आवाज आला, भिंतीपलीकडून कोणीतरी ठोकावं तसा. त्याने बटण दाबलं. पुन्हा आला, पुन्हा दाबलं. बाकी काही नाही.

सर्जनबाईंनी आलेख बघितला आणि त्यांचा चेहरा बदलला नाही, त्यावरूनच त्याला कळलं. त्यांनी लिहून दाखवलं. अगदी गेलं नाही, पण बरंच उतरलं आहे. सूज उतरवणाऱ्या गोळ्या देते. दोन्ही तारांच्या लोकांना अशा वेळी त्याच देतो. थोडं परत येऊ शकतं.

“माझी तार कुठली आहे?” मिस्त्रीने विचारलं.

मला माहीत नाही.

“कोणाला माहीत आहे?”

ज्याला माहीत आहे तो तुम्हाला ओळखत नाही.

“मला यातून बाहेर पडायचंय.”

बाईंनी पेन उचलून लिहिलं. केव्हाही पडू शकता, उपचार तसेच चालू राहतील. तार मात्र आतच राहील.

त्याने कागद चुरगळला नाही, टेबलावर हात आपटला नाही. त्याच्या पाठीमागे नगारा उभा होता, त्याने शाबूत हात मिस्त्रीच्या खांद्यावर ठेवला आणि काहीतरी म्हणाला. शब्द खांद्यातून पोचले नाहीत, नुसता कंप पोचला. मिस्त्री त्या पारखीतून बाहेर पडला नाही. का पडला नाही, हे त्याला त्या वेळी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

गोळ्यांनी थोडं परत आलं. ट्रक परत आला, पण गोधडीआडून. फ्रिज आला नाही.

यंत्र लावायचा दिवस उजाडला. कानामागे एक वळणदार तुकडा, कानात एक बोंड, आणि केसांत लोहचुंबकाने चिकटणारी गोल चकती. मुलीने कॉम्प्युटरवर काहीतरी केलं आणि मिस्त्री दचकून खुर्चीत मागे सरला. डब्यात चिल्लर हलवावी तसा खणखणाट. मुलगी बोलत होती, तो तिचा आवाज होता. कागद सरकला, तोही वाजला. खुर्ची वाजली. आपला श्वास वाजतो, हे त्याला माहीत नव्हतं.

“आता तुम्ही बोला,” मुलीने बायकोला खूण केली.

बायको पुढे झाली. या क्षणासाठी तिने घरून काहीतरी ठरवून आणलं असावं, पण ऐन वेळी तिला एवढंच सुचलं, “ऐकू येतंय का हो?”

खणखण, टिकटिक, खणखण. त्यात कुठेतरी शब्द होते. त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघितलं.

“हा तुझा आवाज नाही,” तो म्हणाला.

 ती उठून बाहेर गेली. तो मागे जाणार तेवढ्यात मुलीने त्याला खाली बसवलं आणि जुळवाजुळव सुरू ठेवली. बाहेर आला तेव्हा बायको बाकावर बसली होती.

“मग कोणाचा आहे?” तिने विचारलं. त्याला तो प्रश्न कळला, ओठांवरून नव्हे. एकेक शब्द तुटक तुटक, पत्र्यावर पडावा तसा, पण कळला. तो तिच्या शेजारी बसला.

“चांगला आहे,” तो म्हणाला. “ओळख व्हायची आहे.”

“वीस वर्षं संसार करून,” ती म्हणाली, आणि हेही त्याला कळलं.

पुढचे महिने सवयीत गेले. ती त्याच्याकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचायची, तो ऐकलेलं परत म्हणून दाखवायचा. सुरुवातीला मंत्र्याने रस्त्याचं उद्घाटन केलं तिथे त्याने मंत्र्याला रस्त्यात उताणा केला, आणि ती इतकी हसली की वाचन तिथेच बंद पडलं. पत्र्याचा खणखणाट हळूहळू निवळला. त्यातून एक बाईचा आवाज वर आला. तो लग्नातला आवाज होता का? मिस्त्रीने आठवून बघितलं आणि त्याच्या ध्यानात आलं की जुना आवाज आता आठवत नाही. नव्याने त्याची जागा घेतली होती.

आणखी एक गोष्ट निघाली. इतकी वर्षं बायको त्याच्या पाठीमागे सतत बोलत होती, आणि त्यातलं निम्मं त्याच्याबद्दलच होतं. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. तिला तशी सवयच लागली होती. एका सकाळी ती केर काढताना म्हणाली, “बसलाय बघा, पाय उचलेल तर शपथ,” आणि त्याने पाय उचलले. तिच्या हातातला झाडू गळून पडला. पुढे कितीतरी दिवस ती घरात चोरासारखी गप्प वावरली, आणि तो ती बोलायला लागायची वाट बघत राहिला.

नगारा मात्र गेला. माणूस होता, रोज यायचा, बोट कापलेला हात आता खिशात न घालता टेबलावर ठेवायचा. पण त्याचा आवाज आता फोनमधून यावा तसा यायचा. शब्दन्‌शब्द स्वच्छ, खाली पायाच नाही. “तुझी तुतारी झाली,” मिस्त्री त्याला म्हणाला. नगारा हसला. मिस्त्रीला हसू आलं नाही. मशीनरूममध्ये त्याची सगळी वर्षं त्या आवाजाच्या आधाराने गेली होती, आणि तो आधार आपण आपल्या सहीने देऊन आलो, असं त्याला कधी कधी वाटे. कंपनीने त्याला शाफ्टमध्ये परत घेतलं नाही. कंट्रोलच्या पेट्या जुळवायच्या टेबलावर घेतलं. काम बरं होतं.

सगळ्यांचं वर्ष पुरं झाल्यावर सर्जनबाईंनी त्याला बोलावलं. आता लिहून दाखवायची गरज नव्हती.

“तुमची तार साधी होती,” त्या म्हणाल्या.

 ऑपरेशननंतरच्या त्या पहिल्या चांगल्या दिवसांत, आत काहीतरी पाझरतंय असं मानून तो झोपत असे. तिथे काहीही पाझरत नव्हतं.

“औषधाची असती तर राहिलं असतं?”

“ठाऊक नाही. औषधाची असूनही गेलेले आहेत, साधी असून राहिलेले आहेत. कमीजास्त किती, ते सगळ्यांचे आकडे लावल्यावर कळेल. एकट्या तुमच्यावरून काही सांगता येत नाही.”

“म्हणजे माझं गेलं ते नुसतं दुसऱ्यांशी ताडून बघायला गेलं?”

बाईंनी नजर हटवली नाही. “हो, थोडंफार तसंच. तुमच्याशी ताडून बघितल्याशिवाय औषधाच्या तारवाल्यांचं औषधामुळे राहिलं की नाही, ते ठरत नाही. मला वाईट वाटतं. पण तुम्हाला खोटं सांगणार नाही.” मग त्यांनी विचारलं, आणखी दोन वर्षं अधूनमधून तपासणीला याल का. नाही म्हणालात तरी तुमच्या यंत्राची सगळी देखभाल होईल.

त्याने नगाऱ्याला सांगितलं तेव्हा नगारा उखडला. “फुकटात उंदीर केला तुला. जाऊ नकोस परत.”  बायको चहात साखर ढवळत राहिली आणि चमचा कपाला लागत राहिला, किण किण किण. मिस्त्री तो आवाज ऐकत होता. पूर्वी कधी ऐकला नव्हता असं नाही, पण किती वर्षांपूर्वी, ते सांगता आलं नसतं.

“जाईन,” तो नगाऱ्याला म्हणाला. “ताडायला कोणीतरी लागतं ना.”

“मग तूच का?”

“माझ्या कानात तार आहेच.”

तो तपासणीला गेला. यंत्र काढून बसला त्या बंद खोलीत, हातात बटण, काचेपलीकडे तीच मुलगी. खालचे आवाज सुरू झाले. एक आला, त्याने दाबलं. त्याहून हळू एक आला, दाबलं. मग बराच वेळ काही नाही, आणि मग काहीतरी. जुन्या मोटरसारखं, फार खोल. ऐकू आलं की नुसतं आठवलं, हे त्याला ठरवता येईना. बोट बटणावर होतं. या बाबतीत मनाचं काही घालायचं नाही, असं ठरवून त्याने बोट उचलून मांडीवर ठेवलं.

बाहेर बायको बाकावर बसून होती. त्याने यंत्र लावलं, चकती केसांत चिकटवली.

“काय म्हणाली?” तिने जवळजवळ ओरडूनच विचारलं. बाकावरची दोन माणसं वळून बघू लागली.

“मागच्याइतकंच आहे,” तो म्हणाला. “आणि अगं, जरा हळू बोल. ऐकू येतं मला.”